दारावरचा हिशेब

आमच्या माडीवरच्या खोलीत गेली बरीच वर्षे विद्यार्थी राहत आले आहेत. यजमान कारखान्यातून निवृत्त झाले, मुली आपापल्या घरी गेल्या आणि बसवनगुडीतील हे घर आम्हा दोघांना मोठे वाटू लागले. तेव्हापासून मराठी बोलणारी, बेंगळुरूला शिकायला आलेली दोन मुले वर ठेवायची आणि त्यांचे रात्रीचे जेवण आपल्याकडेच करायचे, असा परिपाठ पडून गेला. मुले मला काकू म्हणतात. चार वर्षे राहतात, पदवी घेतात आणि जातात. त्यांच्या जागी दुसरी येतात.

तीन वर्षांपूर्वी अशीच दोन मुले आली. एक निपाणीचा, तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. दुसरा बिदर जिल्ह्यातील औरादचा, ज्याचे वडील एस.टी.च्या थांब्याजवळ सायकलदुरुस्तीचे दुकान चालवतात. दोघेही अभियांत्रिकीच्या एकाच शाखेचे विद्यार्थी. महाविद्यालये मात्र निराळी. एके दिवशी खोली झाडून घेण्यासाठी मी वर गेले, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेला एक कागद माझ्या दृष्टीस पडला. प्रथम मला ते वेळापत्रक वाटले. जवळ जाऊन पाहिले, तर तो हिशेब होता. 'वर्षाची फी २,१६,००० रुपये. शिकवण्याचे दिवस १८०. दिवसाला ६ तास. एकूण तास १,०८०. एका तासाचे २०० रुपये.' शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

हिशेब निपाणीच्या मुलाचा होता. रात्री पानावर बसल्यावर मी त्याला त्याविषयी विचारले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "काकू, आज एक सर आलेच नाहीत. दोन तास रिकामे गेले. चारशे रुपये बुडाले."

"आणि परवा तू अंथरुणातच होतास, ते कोणी बुडवले?" मी विचारले.

यावर औरादचा मुलगा मोठ्याने हसला. मग निपाणीकराने त्याचाही हिशेब करायला घेतला. त्याला सामाईक प्रवेश परीक्षेतील गुणांवर सरकारी जागा मिळालेली होती आणि त्याची फी वर्षाला २७,००० रुपये होती. तासही तितकेच. भागाकार आला २५ रुपये. "म्हणजे तू एक तास चुकवलास, तर एक डोसासुद्धा बुडत नाही!" निपाणीचा मुलगा म्हणाला. त्या रात्री आम्ही सगळेच हसलो. परंतु तो भागाकार माझ्या मनातून जाईना. विषय एक, पुस्तके एक, परीक्षाही जवळजवळ सारखीच. आणि एकाच्या तासाचे मोल दुसऱ्याच्या आठपट!

खरे पाहता, ही गोष्ट या शहराला नवी नाही. कर्नाटकात देणगी घेऊन प्रवेश देण्यास बंदी करणारा कायदा १९८४ साली झाला. त्यानंतर १९८९ मध्ये राज्य सरकारने खासगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी फीचे जे दर ठरवून दिले, त्यांत सरकारी जागेवरील विद्यार्थ्याला वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्याला जास्तीत जास्त २५,००० आणि परराज्यातून आलेल्याला जास्तीत जास्त ६०,००० रुपये अशा तीन पायऱ्या होत्या. एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर, तीन दरांनी प्रवेश घेतलेली मुले शेजारी शेजारी बसणार होती. उत्तर प्रदेशातील मोहिनी जैन या विद्यार्थिनीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९२ साली न्यायालयाने निकाल दिला की, शिक्षण हा नागरिकाचा हक्क असून देणगीच्या रूपाने त्याची विक्री करता येणार नाही. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात या निकालाला मुरड घातली गेली. काही जागा गुणांवर व कमी फीत आणि उरलेल्या जास्त फीत, अशी व्यवस्था आली. मग २००२ मध्ये टी.एम.ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांना आपली फी ठरवण्याची मोकळीक दिली. मात्र नफेखोरी करता येणार नाही आणि देणगी घेता येणार नाही, अशी अट घातली. फीवर देखरेख ठेवणाऱ्या समित्या त्यानंतरच्या वर्षी आल्या. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन झाले आहे.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच की, शिक्षणाची योग्य किंमत किती, हा प्रश्न सोडवताना सरकार आणि सर्वोच्च न्यायालय यांनाही दहा वर्षांत तीन वेळा आपले उत्तर बदलावे लागले. अठरा वर्षांच्या मुलाने तोच प्रश्न भागाकाराने सोडवण्याचा प्रयत्न केला, तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

माडीवर आजवर राहून गेलेल्या मुलांकडे मी मागे वळून पाहते, तेव्हा फीचे मोल ठरवण्याच्या तीन रीती मला दिसतात. पहिली रीत तासांची. जे विकत घेतले, ते पदरात पडले की नाही, हे त्यात पाहिले जाते. शिक्षक आले का, प्रयोगशाळेतील यंत्र चालू आहे का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हे प्रश्न त्यातून निघतात आणि ते रास्त आहेत. दुसरी रीत नोकरीची. हल्ली मुले तिला 'पॅकेज' म्हणतात. चार वर्षांची फी एका बाजूला मांडायची, पहिल्या वर्षाचा पगार दुसऱ्या बाजूला, आणि किती वर्षांत पैसे फिटतात ते पाहायचे. जुन्या पिढीला ही भाषा बाजारी वाटते; परंतु ज्या घरात कर्ज काढून फी भरली गेली, त्या घरातील मुलाने हा विचार केला नाही, तर त्यालाच आपण बेजबाबदार म्हणू. तिसरी रीत मात्र कोणी कागदावर मांडत नाही. ती म्हणजे, आपल्यासाठी घरात कोणी काय सोडले, याची मनातल्या मनात ठेवलेली मोजदाद. या तिसऱ्या हिशेबात मुलाच्या हाती आकडे नसतात. घरच्यांनी ते लपवलेले असतात.

निपाणीच्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. प्रवेशाच्या वेळी वडिलांनी त्याला सांगितले होते की, यंदा तंबाखूला भाव चांगला मिळाला आहे, तू काळजी करू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तो गावी गेला, तेव्हा बोलता बोलता चुलतभावाच्या तोंडून निघून गेले की, विहिरीकडची दोन एकर जमीन गहाण पडली आहे.

परत आला तो निराळाच मुलगा. दारावरचा कागद तोच होता. पण आता त्यातली गंमत गेली होती. रात्रीच्या जेवणाला तो 'भूक नाही' म्हणू लागला. कारण मला पुढे कळले. जेवणाचे पैसे महिन्याकाठी वाचतील, असा त्याचा विचार होता. मग संध्याकाळी तो मित्राची दुचाकी घेऊन घरोघरी जेवणाचे डबे पोचवण्याच्या कामाला जाऊ लागला. चार तास या शहरातील गर्दीतून फिरावे, तेव्हा तीनशे रुपये हाती येत. रात्री साडेअकराला दमून परतल्यावर सकाळचे दोन तास झोपेत जात. मीच एकदा त्याला म्हटले, "अरे, तीनशे मिळवतोस आणि चारशे बुडवतोस. हा कुठला हिशेब?" तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी तो खाली आला आणि शांतपणे म्हणाला, "काकू, मी हे वर्ष सोडून घरी जावे म्हणतो. इतके पैसे घालण्याजोगे माझ्यात काही नाही."

त्याच्या या वाक्याने मला माझे तरुणपण आठवले. मी सांगलीजवळच्या एका खेड्यातील. वडील सहकारी सोसायटीत कारकून होते. १९७२ साली मी विलिंग्डन महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा त्यांचे उत्पन्न ईबीसीच्या सवलतीच्या मर्यादेहून थोडेसे अधिक भरले, त्यामुळे पूर्ण फी भरावी लागली. त्याच सुमारास वडिलांची सायकल चोरीला गेली. निदान आम्हांला तसे सांगण्यात आले. त्यानंतर कित्येक वर्षे ते रोज दीड कोस चालत कामावर जात आणि चालत येत. "चालणे प्रकृतीला चांगले," असे म्हणत. मी मात्र त्या वर्षी स्नेहसंमेलनातील नाटकाच्या तालमींत रमले होते. दुसऱ्या सत्रात मी किती तास बुडवले, याची गणती नाही. माझे लग्न झाल्यावर चार वर्षांनी काकांनी सहज सांगितले की, सायकल चोरीला गेलीच नव्हती. ती मिरजेला विकली होती.

ते ऐकून मला कृतज्ञता वाटली, असे मी म्हटले तर ते खोटे होईल. मला राग आला. मला सांगितले असते, तर मी त्या वर्षी निराळी वागले असते, असे वाटले. कदाचित नसतेही वागले. परंतु तो निर्णय माझा झाला असता. वडिलांनी त्याग केला आणि त्याबरोबरच त्या त्यागाची किंमत ओळखण्याची संधीही माझ्याकडून काढून घेतली. ते हयात होते तोवर मला हे त्यांच्यापाशी बोलता आले नाही. म्हणून त्या मुलाने घरी जाण्याची भाषा काढली, तेव्हा मी त्याला उपदेश केला नाही. त्याच्या वडिलांना दूरध्वनी केला आणि म्हटले, "भाऊ, एकदा येऊन जा. पोराशी पैशाबद्दल बोलायचे आहे."

ते आले, तो कार्तिकातला शेवटचा सोमवार होता. त्या दिवशी आमच्या भागात बसवण्णाच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. कन्नडमध्ये तिला 'कडलेकायी परिषे' म्हणतात. पंचक्रोशीतील शेतकरी आपल्या शेंगा घेऊन येतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढीग लावून बसतात. निपाणीच्या त्या शेतकऱ्याने जत्रेतून येताना दोन-तीन ठिकाणी भाव विचारला होता, आणि घरात आल्यावर पहिले वाक्य बोलले तेही शेंगांच्या भावाबद्दल. मग बराच वेळ ते काही बोलेनात. शेवटी म्हणाले, "ताई, पोराच्या डोक्याला ताप नको, म्हणून सांगितले नव्हते."

यजमानांनी टेबलावर एक कोरी वही ठेवली. कारखान्याच्या हिशेब खात्यात त्यांचे आयुष्य गेले; अशा प्रसंगी त्यांना बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते. "कर्ज किती?" त्यांनी विचारले. तीन लाख. "कोणाचे?" गावातील एका सावकाराचे. "व्याज?" दरमहा शेकडा दोन. यजमानांनी आकडे मांडले. महिन्याला ६,००० रुपये, वर्षाला ७२,०००. मुलगा वहीकडे पाहत होता. त्याने पेन्सिल घेतली आणि स्वतःच बेरीज केली. २,१६,००० अधिक ७२,०००, म्हणजे २,८८,०००. त्याला १,०८० ने भागले. मग तो वडिलांना म्हणाला, "आबा, तास दोनशेचा नाही. दोनशे सहासष्टचा आहे."

त्या घरात फीचा आकडा सर्वांना पाठ होता, पण व्याजाचा आकडा कोणीच फीमध्ये धरलेला नव्हता. मला वाटते, बहुतेक घरांत असेच होते. फी म्हणजे महाविद्यालयाच्या पावतीवर छापलेली रक्कम, असे आपण समजतो. खोलीभाडे, खाणावळ, प्रवास, पुस्तके यांचा अंदाज तरी केला जातो. परंतु पैसा कोठून आला आणि त्या पैशाला स्वतःची काय किंमत पडते, हे मुलापासून तर लपवले जातेच, कित्येकदा आपण ते आपल्यापासूनही लपवतो.

त्या रात्री काही चमत्कार घडला नाही. वडील आणि मुलगा पुष्कळ वेळ बोलले. मध्ये एकदा आवाज चढले. दुसऱ्या दिवशी तिघेजण बँकेत गेले. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते आणि त्याचे व्याज सावकाराच्या व्याजाहून पुष्कळच कमी असते, हे तेथे कळले. हेलपाटे बरेच झाले. पण उरलेल्या दोन वर्षांच्या फीपुरते कर्ज मुलाच्या नावावर, वडिलांच्या जामिनावर मंजूर झाले. फीसाठी बाजूला ठेवायचा तंबाखूचा पैसा सावकाराकडे वळला. आजमितीस दोन एकरांपैकी एक एकर सुटली आहे. दुसरी अजून सुटायची आहे. मुलाने डबे पोचवण्याचे काम शनिवार-रविवारपुरते ठेवले आणि रात्री पुन्हा जेवू लागला.

दारावरचा कागद त्याने काढला नाही. त्यात एक रकाना वाढवला आणि त्यावर लिहिले, 'घेतलेले'. त्यांच्या महाविद्यालयात गणिताचे एक प्राध्यापक रोज दुपारी तासभर शंका सोडवण्यासाठी बसत. त्यांच्याकडे कोणीच जात नसे. हा जाऊ लागला. प्रयोगशाळा शनिवारी दुपारी उघडी ठेवावी, असा अर्ज त्याने पंधरा मुलांच्या सह्यांनिशी दिला. महिन्यातून दोन शनिवार मिळाले, दोन मिळाले नाहीत. ग्रंथालयातील ज्या पुस्तकाची किंमत त्याला परवडणारी नव्हती, ते त्याने तेथेच बसून पुरे केले. या रकान्यात त्याने रुपये लिहिले नाहीत. नुसत्या तारखा लिहिल्या.

औरादच्या मुलावरही त्या संध्याकाळचा परिणाम झाला होता, हे मला पुढे कळले. तो एकदा म्हणाला, "काकू, माझा तास पंचवीस रुपयांचा आहे, असे मी समजत होतो. पण सरांचा पगार तर दोन्हीकडे लागतोच. मग माझ्या तासाचे उरलेले पैसे कोण देते?" यजमान म्हणाले, "सरकार." "आणि सरकारला कोण देते?" मग दोघांनी मिळून उत्तर शोधले. निपाणीचा शेतकरी खताच्या पोत्यावर जो कर भरतो, त्यातला काही पैसा फिरत फिरत औरादच्या मुलाच्या वर्गात पोचतो. स्वस्त तास खरोखर स्वस्त नसतो. त्याचे पैसे ज्यांनी भरले, ते शेजारी दिसत नाहीत एवढेच.

या बाबतीत याच शहरातील एक जुने उदाहरण देण्याजोगे आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी येथल्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी.ए. केले, तेव्हा ते शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवत असत. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात गेले आणि १८८३ च्या परीक्षेत पहिले आले. ज्या राज्याच्या तिजोरीतून त्यांची फी भरली गेली, त्याच राज्याचे ते १९१२ मध्ये दिवाण झाले. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघाले आणि १९१७ मध्ये बेंगळुरूत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्यामुळे पुढच्या पिढीतील मुलांना अभियंता होण्यासाठी पुण्याची वाट धरावी लागली नाही. प्रत्येक विद्यार्थी दिवाण होणार नाही, हे उघड आहे. पण दुसऱ्याने भरलेल्या फीची फेड कशी करता येते, याचे हे एक रोकडे उदाहरण आहे.

पुढच्या वर्षी फाल्गुनात भारतीय विज्ञान संस्थेचा खुला दिवस होता. जुने बेंगळुरूकर तिला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. त्या दिवशी संस्थेची दारे सर्वांना मोकळी असतात. मुलाबाळांसह हजारो माणसे प्रयोगशाळा पाहत हिंडतात. आम्ही त्या दोघांना घेऊन गेलो. मोठ्या झाडांच्या सावलीत बसून डब्यातील पुऱ्या खाताना मी त्यांना कमला भागवत यांची हकीकत सांगितली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. त्यांचे वडील आणि काका या दोघांनीही याच संस्थेत रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या येऊन त्यांनी येथे अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी.व्ही. रामन यांनी, त्या स्त्री आहेत म्हणून, प्रवेश नाकारला. त्या बेंगळुरूला आल्या आणि नकार स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नव्हते. काम समाधानकारक ठरले, तरच पुढचा विचार होणार होता. त्यांनी ते वर्ष पत्करले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले, १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली, मग केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएच.डी. घेतली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. त्यांच्या कामामुळे या संस्थेचे दार पुढे इतर स्त्रियांनाही उघडले.

औरादचा मुलगा जरा वेळाने म्हणाला, "त्यांनी एक वर्ष भरले फी म्हणून."

हे मला सुचले नव्हते. अन्यायाने मागितलेली ती फी होती, आणि तशी फी कोणाकडूनही कधी मागितली जाऊ नये. पण तिचे मोल त्यांनी कसे ठरवले असेल, याचा विचार मी परतताना करत होते. तासांवरून नव्हे, कारण त्या वर्षाला गणतीच नव्हती. नोकरीवरून नव्हे, कारण स्त्री-शास्त्रज्ञाला नोकरी कोण देणार, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. येथे काय शिकायचे आहे, हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि काय द्यावे लागणार आहे, हेही त्यांच्या तोंडावर सांगितले गेले होते. घ्यायचे आणि द्यायचे, दोन्ही रकाने त्यांच्यासमोर उघडे होते. आमच्या माडीवरच्या मुलापुढे मात्र ते उघडायला दीड वर्ष लागले.

कोणत्या महाविद्यालयाची गुणवत्ता किती, हे ठरवणारी राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, जिला सारे 'नॅक' म्हणतात, ती १९९४ पासून याच शहरात आहे. तिची श्रेणी पाहावी. फी ठरवणाऱ्या प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा पाहावा. आपल्या मुलाला शिष्यवृत्ती किंवा फीमाफी लागू आहे का, हेही विचारावे. पण हे सगळे पाहून झाल्यावर आणखी एक हिशेब घरातल्या टेबलावर, मुलाला समोर बसवून करायचा असतो, आणि तो कोणतीही परिषद आपल्यासाठी करून देणार नाही. पैसा किती लागणार, तो कोठून येणार, त्यावर व्याज काय, कोण काय पुढे ढकलणार आहे, आणि मुलगा नापास झाला किंवा त्याने मध्येच मार्ग बदलला तर काय होईल, हे त्याला प्रवेशाच्या आधी कळले पाहिजे. ऋण म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवण्यासाठी नव्हे. तर त्याला 'हे मला नको, ते पुरेल' असे म्हणता यावे म्हणून. जे मूल घरचा हिशेब जाणते, ते महाविद्यालयालाही हिशेब विचारू शकते. ज्याला तो ठाऊक नसतो, ते एक तर निष्काळजी राहते, नाही तर एके दिवशी सगळे एकदम कळून खचून जाते.

माझ्या धाकट्या मुलीची मुलगी यंदा बारावी झाली. गेल्या आठवड्यात ती आईवडिलांसह आमच्याकडे आली होती. जेवणे आटोपल्यावर यजमानांनी तीच वही काढली आणि नवे पान उघडले. जावयांना प्रथम थोडे अवघडल्यासारखे झाले. मुलीदेखत पगाराचा आकडा सांगण्याची त्यांना सवय नव्हती. पण त्यांनी सांगितला. घराच्या कर्जाचा हप्ता सांगितला. तिच्या धाकट्या भावासाठी काय ठेवावे लागेल, तेही सांगितले. दोन महाविद्यालयांची नावे पानाच्या दोन बाजूंना लिहिली गेली. एक महागडे, ज्यावर तिचे मन होते. आणि दुसरे सरकारी.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पेन्सिल मागून घेतली आणि वही आपल्याकडे ओढली. अर्ज भरण्याची मुदत पुढच्या सोमवारपर्यंत आहे. ती काय ठरवील, हे मला ठाऊक नाही, आणि मी विचारलेलेही नाही. जाताना ती ते पान फाडून घेऊन गेली.